गिऱ्हाइकाचा धर्म

व्यापाऱ्यानें कसें वागावें याविषयीं जगांतील नीतिकारांनीं पुष्कळ सांगून ठेविलें आहे. खोटें माप, हलकें वजन, भेसळ, साठेबाजी या पातकांस प्रत्येक देशाच्या धर्मशास्त्रांत शब्द आहेत आणि शिक्षाहि आहेत. परंतु तागडीच्या अलीकडे उभा असलेला जो दुसरा मनुष्य, ज्यास आपण गिऱ्हाईक म्हणतों, त्याच्या वर्तनाची चौकशी फारशी कोणीं केलेली दिसत नाहीं. त्यानें पैसे काढून मोजले कीं त्याचें कर्तव्य संपलें, अशी सर्वांची समजूत आहे. तो फसला तर त्याची कींव येते, आणि त्यानें दोन पैसे वांचविले तर त्याचें कौतुक होतें. आमचीहि समजूत परवांपर्यंत हीच होती. ती कशी ढळली हें सांगण्यासाठीं वाचकांस थोडा वेळ आमच्याबरोबर पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यानें चालावें लागेल.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशींची ती सायंकाळ होती. लकडी पुलाजवळच्या टिळक चौकांतून आम्ही पूर्वेकडे वळलों. हा रस्ता शहराच्या जुन्या पेठांमधून जातो. पेठ या शब्दाचा अर्थच बाजार. तेव्हां ज्या शहराचे भाग पेठ याच नांवानें ओळखले जातात, त्याच्या मध्यावरून जाणारा रस्ता सगळा दुकानांनीं भरलेला असावा यांत नवल नाहीं. अनंतचतुर्दशीस मानाचे गणपति बेलबाग चौकांतून याच रस्त्यानें नदीकडे निघतात, आणि वर्षाचे उरलेले दिवस लग्नाचा बस्ता बांधावयास निघालेलीं कुटुंबें याच रस्त्यावरून खालींवर फिरत असतात. ११ डिसेंबर २०२१ रोजीं महापालिकेनें या रस्त्याच्या एका भागावर वाहनें बंद ठेवून तो दिवस पायीं चालणारांस दिला होता; एरव्हीं येथें चालावयाचें म्हणजे दोन दुचाक्यांच्या मधून अंग चोरून वाट काढावयाची. दिवाळींत तर तेंहि उरत नाहीं. आपण चालत नसतों, गर्दी आपल्याला नेत असते.

तरीहि या गर्दींत एक प्रकारचा आनंद आहे हें कबूल केलें पाहिजे. दोहों बाजूंस सोन्याचीं व कापडाचीं दुकानें, त्यांच्या पायऱ्यांशीं पदपथावर बसलेले आकाशकंदील, रांगोळी, उटणें, लाह्याबत्तासे विकणारे, आणि या सर्वांच्या मधून वाहणारीं आमच्यासारखीं माणसें. रस्त्याच्या दक्षिणेस थोड्या पावलांवर तुळशीबाग आहे. अठराव्या शतकांत नारो आप्पाजी खिरे यांनीं तेथें रामाचें देऊळ उभारलें, आणि त्या देवळाच्या सभोंवतीं आज भांडीं, बांगड्या, खेळणीं व देवांचीं उपकरणीं यांची दुकानें दाटलेलीं आहेत. पुढें नाना फडणिसांनीं बांधविलेलें बेलबागेंतील विष्णूचें देऊळ. त्याच्याहि पायाशीं बाजारच. देव आणि दुकान यांचा शेजार या शहरास कधीं विसंगत वाटला नाहीं. नमस्कार करून मनुष्य बाहेर येतो आणि त्याच पायरीवरून भाव विचारूं लागतो.

त्या सायंकाळीं आम्हीं दोन खरेद्या केल्या. पहिली एका मोठ्या कापडाच्या दुकानांत. दुकान कोणतें हें सांगण्याचें कारण नाहीं, कारण तेथें आमचें कांहींच वाईट झालें नाहीं. आंत थंड हवा होती, बसावयास स्वच्छ गादी होती, पाण्याचा पेला विचारल्यावांचून पुढें आला. विक्रेत्यानें न कंटाळतां वीस साड्या उलगडून दाखविल्या. त्यांतील एक आम्हीं पसंत केली. तिच्या पदरास चिकटविलेल्या चिठ्ठीवर साडेसात हजारांचा आंकडा होता. आम्हीं तो वाचला, मान डोलाविली, आणि पैसे दिले. पावती मिळाली, दुकानाचें नांव छापलेली पिशवी मिळाली, आणि दाराशीं उभ्या असलेल्या रखवालदारानें हात जोडून आम्हांस निरोप दिला.

दुसरी खरेदी तुळशीबागेच्या तोंडाशीं झाली. तेथें एक वृद्ध बाई गोणपाटावर पणत्या मांडून बसली होती. पणत्यांचा ढीग अजून बराच मोठा होता.

"डझनाचे किती, आजी?" आम्हीं विचारलें.

"साठ रुपये, दादा."

"तीस देतों."

"तीसला मलाच पडत न्हाईत, दादा. पन्नास द्या."

"चाळीस. नाहीं तर राहूं द्या." असें म्हणून आम्हीं पाऊल पुढें टाकलें. भाव करणारा प्रत्येक मनुष्य हें पाऊल टाकावयास शिकलेला असतो. तें खरोखर जाण्यासाठीं टाकलेलें नसतें, परत बोलाविलें जाण्यासाठीं टाकलेलें असतें.

बाईनें एकदां आमच्याकडे पाहिलें, एकदां ढिगाकडे पाहिलें. "घ्या," ती म्हणाली. "उद्या दिवे लागले की मग ह्यांना कोण इचारतंय?"

तिनें पणत्या वर्तमानपत्राच्या कागदांत बांधून दिल्या, आणि आम्ही वीस रुपये जिंकल्याच्या समाधानांत घरीं आलों. तेथें पुडा सोडून पाहतां पणत्या तेरा निघाल्या. "मोजतांना चुकली असेल," आम्ही म्हणालों. "चुकली नाहीं," आमच्या सहधर्मचारिणीनें उत्तर दिलें, "एखादी फुटकी निघाली तर म्हणून डझनावर एक घालतात तीं माणसें." मग हातांतील साडीची घडी मोडतां मोडतां त्यांनीं सहज विचारलें, "आणि हिचे किती कमी करून घेतलेत?"

या प्रश्नास आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. साडेसात हजारांच्या ठिकाणीं आमचें तोंड उघडलें नाहीं, आणि साठ रुपयांच्या ठिकाणीं आम्ही शूर झालों. हें कां झालें, आणि यांत कांहीं दोष आहे कीं ही केवळ रीत आहे, हाच या लेखाचा विषय आहे.

पहिलें उत्तर सोपें होतें. त्या दुकानांत भाव ठरलेला असतो, तेथें विचारण्याची सोयच नाहीं. आतां हा ठरलेला भाव सुद्धां मुळांत एक नैतिक सुधारणा म्हणूनच जन्मास आला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. सतराव्या शतकांत इंग्लंडांतील क्वेकर पंथाच्या लोकांनीं घासाघीस सोडून दिली, ती धंद्याच्या हिशेबानें नव्हे. जो भाव आपण घेणार नाहीं तो सांगणें म्हणजे असत्य बोलणें, असें त्यांचें म्हणणें होतें. लहान मूल बाजारांत पाठविलें तरी तें फसूं नये, हा त्यांतील हेतु. पुढें एकोणिसाव्या शतकांत पॅरिस येथील बों मार्शेसारख्या मोठ्या भांडारांनीं प्रत्येक जिनसेस चिठ्ठी लावली, आणि ही पद्धति जगभर पसरली. जाणत्यास एक भाव व अजाणत्यास दुसरा, हा अन्याय तिनें पुष्कळ अंशीं बंद केला. तिचें हें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु चिठ्ठीनें दुसरीहि एक गोष्ट केली. भाव ठरविण्याची क्रिया तिनें आपल्या डोळ्यांआड नेली. साडीच्या किंमतींत विणकरास किती गेले, थंड हवेस किती गेले, आणि दाराशीं हात जोडणाऱ्या रखवालदारास किती गेले, हें चिठ्ठी सांगत नाहीं. जो आंकडा छापलेला आहे तो जणूं निसर्गानेंच घातला आहे, अशा श्रद्धेनें आपण त्यापुढें मान लववितों. उलट पणतीच्या भावाचें वास्तव्य त्या बाईच्या तोंडांत असतें. आणि जें माणसाच्या तोंडांत आहे तें मोडतां येतें, असें आपण धरून चालतों. म्हणजे ज्यानें आपला भाव कागदावर छापला तो खरा, आणि ज्यानें तो माणसासारखा बोलून सांगितला तो संशयित. दोघांत अधिक सत्यवादी कोण, याचा विचार आपण केलेलाच नसतो.

येथें आमच्या मनानें आमचा बचाव मांडला, आणि तो पोकळ होता असें आम्ही म्हणणार नाहीं. घासाघीस हें पाप नाहीं. तें दोन माणसांमधलें संभाषण आहे. विकणारा चार पैसे चढवून सांगतो, कारण घेणारा चार पैसे उतरविणार हें त्यास ठाऊक असतें. घेणारा उतरवितो, कारण विकणाऱ्यानें चढविलें असणार हें त्यास ठाऊक असतें. दोघेहि एकमेकांस ओळखून असतात. या व्यवहारांत थट्टा असते, चौकशी असते, कधीं ओळखहि होते. शिवाय ज्या गृहिणीस मोजक्या पैशांत सण साजरा करावयाचा आहे, तिची घासाघीस हा तिच्या कुटुंबाच्या ताटांतला घास आहे. तिला कोणीं नीतीचे पाठ देऊं नयेत. आणखी एक गोष्ट. जो न बोलतां सांगितलेला भाव टाकून निघून जातो, तो पुष्कळदां उदार नसतो. त्यास त्या माणसाशीं चार शब्द बोलावयाचे नसतात, इतकेंच.

तेव्हां घासाघीस सर्वत्र निंद्य म्हणतां येत नाहीं, आणि सर्वत्र निर्दोषहि म्हणतां येत नाहीं. मग रेघ कोठें ओढावयाची? आम्ही पुष्कळ विचार केला, आणि त्या बाईच्या शेवटच्या वाक्याकडेच वारंवार परत आलों. "उद्या दिवे लागले की मग ह्यांना कोण इचारतंय?" या वाक्यांत आमच्या प्रश्नाचें उत्तर आहे असें आम्हांस वाटतें.

साडीच्या दुकानांतून आम्ही न घेतां उठलों असतों तर ती साडी पुन्हां घडी होऊन फळीवर गेली असती. कार्तिकांत तुळशीचें लग्न लागलें कीं माणसांचीं लग्नें सुरू होतात. तेव्हां दुसरें कोणी तरी ती घेतलें असतें. दुकानदारास थांबतां येत होतें, आणि आम्हांसहि थांबतां येत होतें. तेथें आम्हीं भाव केला असता तर तो दोन बरोबरीच्या माणसांतला डाव झाला असता. पणत्यांच्या ढिगाची गोष्ट तशी नव्हती. ती माती एका रात्रीपुरतीच वस्तु होती. दुसऱ्या रात्रीं तिचें ओझें व्हावयाचें होतें. बाईस थांबतां येत नव्हतें. आम्हांस मात्र येत होतें, कारण दहा पावलांवर दुसरा पणत्यांचा ढीग होता. आम्हीं जे वीस रुपये कमी केले ते आमच्या बोलण्याच्या चातुर्यानें केले नाहींत. पंचांग आमच्या बाजूस होतें, आणि तिच्या विरुद्ध होतें.

अॅडम स्मिथ यांनीं १७७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मजुरीच्या प्रकरणीं हीच गोष्ट दाखविली आहे. मालक आणि मजूर यांच्यांत तंटा लागला तर मालक एखादें वर्ष दम धरूं शकतो, आणि पुष्कळ मजुरांस एक आठवडाहि निभावत नाहीं. म्हणून करार कोणाच्या बाजूनें व्हावयाचा हें आधींच ठरल्यासारखें असतें, असा त्यांचा अभिप्राय. बाजारांतील स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या या तत्त्वज्ञासहि हें दिसत होतें, कीं स्वातंत्र्य म्हणजे केवळ होकार देण्याची मुभा नव्हे. नकार देऊन घरीं जातां येणें हें खरें स्वातंत्र्य. उठून जाण्याची ही मोकळीक दोघांसहि असेल तर जो भाव ठरेल तो रास्त. ती एकासच असेल तर दुसऱ्याच्या तोंडून आलेलें "घ्या" हें संमतीसारखें ऐकूं येतें, पण संमति नसते.

हें म्हणणें कोणास अतिशयोक्तीचें वाटल्यास त्यानें क्षणभर तागडी फिरवून पाहावी. २०२१ सालच्या एप्रिलांत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत रेमडेसिव्हिर या औषधाचा तुटवडा पडला, आणि कित्येक ठिकाणीं त्याच्या कुप्या छापील किंमतीच्या अनेक पटींनीं काळ्या बाजारांत विकल्या गेल्या. घेणारांनीं त्या घेतल्या. कोणीं त्यांचा हात धरला नव्हता. त्यांनीं आपण होऊन पैसे मोजले. तरीहि त्या विक्रेत्यांस आपण सर्वांनीं एका तोंडानें नीच म्हटलें, आणि तें योग्यच होतें, कारण ज्याचें माणूस खाटेवर आहे त्यास उठून जातां येत नाहीं. आतां आमचा प्रश्न असा, कीं अडलेल्या गिऱ्हाइकाकडून जास्त घेणें हें जर पातक असेल, तर अडलेल्या विक्रेत्यास कमी देणें यास काय म्हणावें? एक औषध आहे आणि दुसरी पणती आहे, एका ठिकाणीं जीव आहे आणि दुसऱ्या ठिकाणीं वीस रुपये आहेत, हा फरक मोठा आहे; पण तो फरक मापाचा आहे, जातीचा नाहीं. कृत्य एकच आहे.

आमच्या जुन्या ग्रंथांत या विचाराचें बीज नाहीं असें नाहीं. महाभारताच्या शांतिपर्वांत तुलाधाराची कथा आहे. जाजलि नांवाच्या तपस्व्यानें इतकें निश्चल तप केलें कीं त्याच्या जटांत पक्ष्यांनीं घरटें बांधलें. त्यास गर्व झाला, तेव्हां काशींतील एका वाण्याची सर तुला नाहीं असें त्याच्या कानीं आलें. तो काशीस गेला, तों तुलाधार आपला माल विकीत बसलेला. तपस्व्यास धर्म शिकविण्यासाठीं व्यासांनीं वाण्याची निवड करावी, आणि त्याचें ज्ञान त्याच्या तागडींत ठेवावें, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. आपली तागडी सर्वांस सारखी आहे, असें तो सांगतो. आम्ही आजवर ही कथा विक्रेत्यासाठीं सांगितलेली समजत होतों. परंतु तागडीस दोन पारडीं असतात. एकांत माल असतो आणि दुसऱ्यांत गिऱ्हाइकाची नियत असते. तीहि सर्वांस सारखी आहे कीं मोठ्या दुकानास वेगळी आणि गोणपाटास वेगळी, हें पाहिलें पाहिजे.

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत व्यापाऱ्याच्या नफ्यास मर्यादा घातली आहे: देशी मालावर शेंकडा पांच आणि परदेशी मालावर शेंकडा दहा. येथपर्यंत तो गिऱ्हाइकाचा रक्षक आहे. पण त्याच प्रकरणांत तो असेंहि सांगतो, कीं माल फार झाला तर पण्याध्यक्षानें तो एकाच ठिकाणाहून विकावा, आणि तो विकला जाईपर्यंत इतरांनीं विकूं नये. मालाच्या पुरानें भाव पडून विकणारा बुडूं नये, याचीहि काळजी त्या कठोर राजनीतिज्ञास होती. दोन्ही पारड्यांकडे त्याचें लक्ष होतें.

पुण्यापुरतें बोलावयाचें तर गिऱ्हाइकाला धर्म आहे ही शिकवण या शहरास नवी नाहीं. गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, त्यांनीं १८७२ सालीं स्वदेशी वस्तूच वापरण्याचें व्रत घेतलें, आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास ते खादीच्या वेषांत गेले. पुढें ऑक्टोबर १९०५ मध्यें याच पुण्यांत परदेशी कापडाची होळी झाली. विकत घेणें ही खासगी गोष्ट नाहीं, आपला प्रत्येक रुपया कोणाला तरी उचलतो आणि कोणाला तरी पाडतो, हें त्या पिढीनें ओळखलें होतें. मात्र वस्तु कोठें झाली हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. ती विकणाऱ्याच्या पदरांत काय पडलें, हा प्रश्न त्यांच्यापुढें तितक्या स्पष्टपणें उभा राहिला नव्हता.

तो प्रश्न ज्यानें विचारला त्याचें नांव तुळशीबागेपासून हाकेच्या अंतरावर आहे. जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ या काळांत पुणें नगरपालिकेचे सभासद होते. शहरासाठीं मोठी मंडई बांधण्याचा बेत पुढें आला तेव्हां त्यांनीं त्या खर्चास विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असें त्यांचें मत होतें. मंडई झाली, आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव मिळालें. पूर्वीं शनिवारवाड्यापुढें उघड्यावर भरणारा बाजार तिच्या छपराखालीं आला. कालांतरानें त्याच इमारतीस फुले यांचेंच नांव देण्यांत आलें. यांतील विरोधाभासाकडे बोट दाखवून पुष्कळजण हंसतात. आम्हांस त्यांत एक औचित्यहि दिसतें. १८८३ सालीं ज्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून धान्य पिकविणाऱ्याच्या दैन्याची मीमांसा केली, त्यांचें नांव भाजीच्या ढिगांवर असावें हें ठीकच आहे. हें छप्पर कोणाच्या पैशानें आणि कोणाच्या सोयीसाठीं, हा त्यांचा प्रश्न त्या नांवाबरोबर तेथें टांगलेला आहे. आत जाऊन कोथिंबिरीच्या जुडीचा भाव पाडतांना तो कोणी वाचीत नाहीं, एवढेंच.

आतां कायद्यानेंहि कांहीं केलें आहे. २०१४ सालीं पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचें रक्षण करणारा अधिनियम संसदेनें केला, आणि रस्त्यावर बसून विकणें हा अपराध नसून उपजीविका आहे हें मान्य केलें. पण कायदा फार तर त्या बाईस बसावयास चार हात जागा देईल. साठ आणि चाळीस यांच्या मध्यें तो येऊन उभा राहणार नाहीं, आणि राहूंहि नये. ती जागा आमच्या विवेकाची आहे. जेथें कायदा संपतो तेथें धर्म सुरू होतो, असें जें म्हणतात त्याचा अर्थ आम्हांस त्या पदपथावर कळला.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, कीं हें सर्व दयेचें बोलणें आहे, आणि व्यापारांत दया आणली कीं विकणाऱ्याचा मान जातो. हा आक्षेप आम्ही मान्य करतों, पण तो आमच्यावर लागू होत नाहीं असें म्हणतों. त्या बाईनें हात पसरला नव्हता. तिनें भाव सांगितला होता. तो भाव देणें ही भीक नव्हे, तर आपल्या खिशांत राहिलेले तिचे वीस रुपये तिला देणें होय. उलट आधीं वीस रुपये कापून घ्यावे आणि मग संक्रांतीस कोठें तरी तिळगूळ व घोंगड्या वांटाव्या, हा आपला जो परिपाठ आहे, त्यांतच तिचा अपमान आहे. जें न्यायानें द्यावयाचें तें बुडवून पुढें दानाच्या नांवानें परत करणें, यांत देणारा मोठा होतो आणि घेणारा विनाकारण लहान होतो.

दुसरा आक्षेप असा, कीं विकणारे चतुर असतात. अडचणीचें सोंगहि आणतात. आणतात, हें खरें. परंतु सोंगास फसून आमचे वीस रुपये गेले तर वीस रुपयेच जातात. सोंगाच्या भीतीनें आम्हीं प्रत्येक खऱ्या अडचणीकडे पाठ फिरविली, तर त्यांत जें जातें त्याची किंमत रुपयांत सांगतां येत नाहीं. आणि आमच्या एका खरेदीनें बाजार सुधारणार आहे असें तरी आम्ही कोठें म्हणतों? बाजार सुधारावयास संघटना लागेल, कायदा लागेल, शिक्षण लागेल. आम्ही फक्त त्या पांच मिनिटांविषयीं बोलतों, जीं सर्वस्वीं आमच्या हातांत होतीं.

तेव्हां आम्हीं स्वतःपुरता एक नियम केला आहे, तो सांगून हा लेख संपवितों. भाव करण्यापूर्वीं मनांत एक प्रश्न विचारावयाचा: हा मनुष्य मला 'नाहीं' म्हणूं शकतो काय? म्हणूं शकत असेल तर खुशाल घासाघीस करावी, मोठ्या दुकानांत तर आवर्जून करावी. तेथें आपण गप्प बसतों तें सभ्यपणामुळें नसतें, दबून गेल्यामुळें असतें. आणि 'नाहीं' म्हणूं शकत नसेल, तर जें पाऊल परत बोलाविलें जाण्यासाठीं उचलावयाचें तें उचलूं नये. नियम लहान आहे, पण तो पाळावयाचा म्हणजे समोरच्या माणसाकडे नीट पाहावें लागतें, आणि गिऱ्हाईक होऊन बाजारांत शिरल्यावर हेंच आपण प्रथम सोडून देतों.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्ही पुन्हां तुळशीबागेच्या तोंडाशीं गेलों. लक्ष्मीपूजनाची वेळ झाली होती. दोहों बाजूंच्या दुकानांतून वह्यांची पूजा चालली होती. नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर कुंकवाचीं बोटें उमटत होतीं. गोणपाटाच्या जागीं थोडें गवत व दोन फुटक्या पणत्या पडल्या होत्या. शेजारच्या रांगोळीवाल्यास विचारलें, तेव्हां ती बाई दुपारींच उठून गेल्याचें त्यानें सांगितलें. तिचें गांव कोणतें, हें त्यास ठाऊक नव्हतें.

घरीं येऊन आम्हीं तेराहि पणत्या लावल्या. त्यांतील तेरावी आमच्या हिशेबांत कोठेंच बसत नाहीं; तिचे पैसे आम्हीं दिलेले नाहींत, आणि बाराांचेहि पुरते दिलेले नाहींत. व्यापाऱ्यांच्या नव्या वह्या त्या रात्रीं कोऱ्या सुरू झाल्या. आमची मात्र वीस रुपयांच्या बाकीनें सुरू झाली आहे, आणि ती कोणाच्या नांवें लिहावयाची हेंहि आम्हांस ठाऊक नाहीं.